अडलेले यंत्र आणि दादासाहेब

श्रावणातील सप्ताहात भजनाला रंग चढावा आणि नेमक्या त्याच वेळी पेटीची एखादी पट्टी दाबली तशीच खाली अडकून राहावी, हा अनुभव आपल्या सागरकाठच्या लोकांना नवा नाही. हवेतील ओल लाकडाला फुगवते, पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आणि नको असलेला सूर अखंड वाजत राहतो. अशा वेळी मंडळींत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण पेटीवर थाप मारतो, पट्टी नखाने उपसून पाहतो आणि चिडून भाता अधिकच जोराने ओढतो. दुसरा भाता सोडून देतो, वरचे झाकण काढतो, कोणती पट्टी नेमकी कोठे घासते ते दिव्याच्या उजेडात पाहतो आणि मगच हात घालतो. पहिल्याच्या हाती बहुधा मोडलेली पट्टी येते. दुसऱ्याच्या हाती कारण येते. यंत्रांवर चालणाऱ्या समाजाचा संसार या दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर उभा असतो. परंतु त्यांची चरित्रे क्वचितच लिहिली जातात, आणि लिहिली गेलीच तर त्यांतला हा हाताचा गुण बाजूला ठेवून लिहिली जातात.

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत असेच घडले आहे, असे आम्हांस वाटते. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव देशाने मस्तकी धारण केले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान दिला जातो. २००४ पासून आपल्या पणजीत देशाचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला आणि त्या निमित्ताने त्यांचे स्मरण आपल्या किनाऱ्यावरही होत असते. त्या स्मरणात स्वप्न, ध्येय, त्याग हे शब्द पुष्कळ असतात. परंतु हे स्वप्न ज्या हातांनी साकारले ते हात कोठे तयार झाले, हे विचारले तर उत्तरासाठी आपणांस मुंबई-नाशिक सोडून वडोदऱ्यास जावे लागते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुलानेही शास्त्री-पुराणिकाचा मार्ग धरावा, हे घराण्याला साजेसे झाले असते. परंतु वडिलांना मुंबईस अध्यापनाची जागा मिळाली, कुटुंब तेथे आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी वडील बंधूंबरोबर तो वडोदऱ्यास गेला. त्या वेळी त्या नगरीत एक वेगळेच वारे वाहत होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक येऊन गादीवर बसलेले सयाजीराव महाराज आपले संस्थान नव्या विद्येच्या पायावर उभारू पाहत होते. १८९० साली तेथे कलाभवनाची स्थापना झाली. तिचे सूत्रधार त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार आणि देशी भाषेतून उद्योगविद्या शिकविण्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. सुतारकाम, रंगाई, यंत्रकाम, चित्रकला व वास्तुकला ही सारी एकाच छपराखाली शिकवावीत, ज्याला चित्र काढता येते त्याने ते छापण्याचे यंत्रही उघडून पाहावे, अशी या संस्थेची धारणा होती.

धुंडिराजाला याहून योग्य गुरुकुल मिळणे शक्य नव्हते. तैलचित्र व जलरंग यांचा अभ्यास झाला, वास्तुकला व मूर्तिकाम झाले. छायाचित्रणाचा नाद तेथेच लागला. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी १८९२ मध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी त्याला रतलामला धाडून तीनरंगी ठसे तयार करण्याची व प्रकाशमुद्रणाची विद्या शिकविली, आणि परत आल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा वापरण्याची मुभा दिली. काचेवर रसायनाचा थर देणे, तो अंधारात हाताळणे, ठसा बिघडला तर दोष भिंगाचा, रसायनाचा की दाबयंत्राचा हे एकेक करून पारखणे, अशा कामांत त्याची ती वर्षे गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलते ते पाहावे, ही कोणत्याही बिघाडाचे निदान करण्याची एकमेव खात्रीची रीत होय. ती व्याख्यानाने अंगी येत नाही, हात काळे करून येते.

संसाराने मात्र त्यांची परीक्षा फार कठोर घेतली. १८९५ मध्ये गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय त्यांनी मांडला. थोड्याच वर्षांत प्लेगने पत्नी व मूल यांना हिरावून नेले. वडोदऱ्यास परतून पुन्हा दुकान थाटले, तर छायाचित्र काढल्याने माणसाचे बळ ओढले जाते, आयुष्य घटते, अशी वदंता पसरून गिऱ्हाईक फिरकेना. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून स्वतःच्याच आडनावाची अक्षरे उलटीपालटी करीत प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरी आल्या. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशेकाराची नोकरी लागली. १९०६ मध्ये तीही सोडून लोणावळ्यास ठसे-छपाईचा कारखाना काढला. हाच व्यवसाय पुढे दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावारूपास आला. त्यासाठी १९०९ मध्ये दादासाहेब जर्मनीस जाऊन यंत्रे पाहून आले. मग भागीदारांशी मतभेद झाला आणि चालता कारखाना सोडून ते बाहेर पडले. या भागीदारीच्या प्रश्नाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

१९११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास घडलेली एक गोष्ट मात्र येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले स्वयंभरणी पिस्तूल स्वीकारले. त्याआधीच्या कसोटीत त्या पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी पिस्तूल मात्र सदतीस वेळा अडले, असे त्या कसोटीचे वृत्त सांगते. चित्रपटाच्या गोष्टीत पिस्तूल कोठून आले, असे वाचक विचारतील. पण ही दोन यंत्रे परकी नाहीत. ती एकाच कुळातील आहेत.

१८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या देशात गुंटूरला येऊन गेलेले फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी जे यंत्र बनविले, त्याची कल्पना त्यांना फिरत्या नळकांड्याच्या रिव्हॉल्व्हरवरून सुचली होती. त्यांचे देशबांधव मारे यांनी १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांच्या हालचाली पकडण्यासाठी चक्क बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला. तो खांद्याला लावून चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे उमटत. चलच्चित्राच्या कॅमेऱ्याचा हा पूर्वज. म्हणूनच आजही फिल्मची पेटी आणि गोळ्यांची पेटी या दोहोंना मॅगझिन हाच शब्द आहे.

दोन्ही यंत्रांचे काम तत्त्वतः एकच. स्वयंभरणी पिस्तुलात गोळी सुटताच मागे येणाऱ्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो. तो जाताना रिकामी पुंगळी आकडीने ओढून बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधील नवी गोळी ढकलून नळीच्या तोंडी बसवितो. कॅमेऱ्यातही आकडी फिल्मच्या कडेच्या भोकात शिरते, एक चौकट खाली ओढते, माघार घेते. तेवढ्या क्षणात फिल्म निश्चल राहते, झडप उघडून चित्र उमटते, आणि पुन्हा तेच. ओढणे, बाहेर टाकणे, नवे आणणे, नेमके बसविणे यांपैकी एक पाऊल चुकले की सारे ठप्प होते. पिस्तुलात नवी गोळी वर चढली नाही तर दोष बहुधा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत किंवा थकलेल्या स्प्रिंगमध्ये असतो; पुंगळी नळीत चिकटून राहिली तर नळीतील काजळी व आकडीची झिजलेली धार तपासावी लागते; पुंगळी बाहेर पडता पडता दारातच उभी अडकली तर धक्का अपुरा पडला, मग तो कमी दारूमुळे असो की धरणाऱ्याच्या सैल मनगटामुळे. जाणता शिक्षक अशा वेळी पहिला धडा देतो तो घाई न करण्याचा. तोंड निर्धोक दिशेस ठेवावे, बोट चापावरून काढावे, क्षणभर थांबावे, आधी मॅगझिन काढावे, मग नळी उघडून रिकामी असल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच कारण शोधावे. अडलेल्या शस्त्रावर जोर करणे म्हणजे जिवाशी खेळ.

कॅमेऱ्यावर जोर केला तर जीव जात नाही, परंतु दिवसभराचे काम आणि गाठीचा पैसा जातो. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब आपल्या विमा पॉलिस्या गहाण ठेवून लंडनला गेले तेव्हा हे त्यांना चांगले ठाऊक असले पाहिजे. त्यापूर्वी रात्रंदिवस चित्रे पाहून व प्रयोग करून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. लंडनमध्ये बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेले. तेथे त्यांनी काही दिवस काम जवळून पाहिले, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडणारे यंत्र मागविले व एप्रिलमध्ये ते परतले. उभ्या दोन आठवड्यांचा हा अभ्यास. एवढ्या अल्प काळात कोणी चित्रपटकला शिकत नाही. वडोदऱ्यास वीस वर्षांपूर्वी जे शिकले होते, त्याला नवे यंत्र जोडण्यापुरतेच हे दोन आठवडे होते.

त्या काळी कच्ची फिल्म भोकांविना येई आणि भोके घरी पाडावी लागत. हे काम केवढे, याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार चार भोके. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३,७०० फुटांचा. म्हणजे केवळ पडद्यावर दिसलेल्या फिल्मच्या एकेका कडेस दोन लाख छत्तीस हजारांवर भोके होती. वाया गेलेल्या फुटांचा हिशेब वेगळाच. हे काम अंधारात, रात्रीच्या वेळी, घरातील मंडळींचे जेवणखाण आटोपल्यावर सरस्वतीबाई करीत. भोकांतील अंतर केसभर चुकले तर आकडी भोकात शिरण्याऐवजी कोऱ्या फिल्मवर आपटते आणि फिल्म फाटते किंवा गोळा होऊन गेटमध्ये अडकते. या माउलीच्या हातातील सारखेपणावर भारताचा पहिला कथापट चालला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

अडलेल्या फिल्मचे निदान करणारा फाटलेली भोकेच वाचतो. भोकांच्या खालच्या कडा ओळीने फाटल्या असतील तर आकडी आपले काम करीत होती, फिल्मच वर कोठेतरी धरली गेली होती. गेटमध्ये फिल्मच्या थराचा चुरा किंवा धूळ साचली आहे काय ते पाहावे. ठरावीक अंतराने तोच दोष पुन्हा दिसला तर तो भोके पाडणाऱ्या यंत्राचा. फिल्म ताठ ओढली जाऊन तुटली तर गेटच्या वर-खाली ठेवावयाची सैल कमान राखली गेली नव्हती. पावसाळी हवेत थर ओलसर होऊन चिकटतो, हे तर आपणां किनाऱ्यावरच्यांना सांगावयास नकोच. यावरचे उपाय साधे आहेत. प्रत्येक रिळानंतर गेट मऊ फडक्याने पुसावे, तेलाचा थेंब नेमक्या जागी व नेमकाच द्यावा, फिल्म भरल्यावर दांडा आधी हळूच फिरवून पाहावा, आणि हाताला थोडा जरी अडथळा लागला तरी थांबावे. तेव्हा सेकंदाला दोन फेरे या लयीने दांडा हातानेच फिरवीत. त्यामुळे यंत्राची तक्रार प्रथम कानाला आणि मनगटाला कळे.

कथापटाला हात घालण्यापूर्वी दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून मिनिटभराचा लघुपट केला. पुष्कळांना यात केवळ कौतुकाचा खेळ दिसतो. आम्हांस त्यात कलाभवनाचा शिष्य दिसतो. पौराणिक युद्धे आणि नटांचा ताफा अंगावर घेण्याआधी त्यांनी यंत्राची कसोटी एका मुक्या, स्वस्त आणि न रुसणाऱ्या नटावर घेतली. तो लघुपट पाहून मदत करणारे पुढे आले; सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले.

चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीस गेली असता गावकऱ्यांनी ढाली-तलवारी पाहून त्यांना दरोडेखोर समजले आणि पोलिसांनी अडवून ठेवले, अशी हकिकत सांगतात. दादासाहेबांनी तंटा केला नाही. कॅमेरा मांडून फिल्म न भरताच त्यांनी चित्रीकरणाचा देखावा करून दाखविला आणि गैरसमज दूर झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना म्हणून साळुंके नावाचा तरुण उभा राहिला होता. पुढे कारखाना नाशिकला गेला. मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री, १९१७ चा लंका दहन, १९१८ चा श्रीकृष्ण जन्म, १९१९ चा कालिया मर्दन असे एकाहून एक चित्रपट आले आणि आपल्या देवादिकांना चालताबोलता पाहून प्रेक्षक हात जोडू लागले.

येथवर चरित्र उजळ आहे. परंतु चरित्रलेखन म्हणजे आरती नव्हे. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि अल्पावधीतच मतभेद होऊन दादासाहेब सारे सोडून काशीस गेले. तेथे रंगभूमी हे नाटक लिहिले, पुन्हा परतले; पण पहिली घडी बसली नाही. छपखान्यात जे झाले होते तेच येथे झाले. १९३१ मध्ये आलम आरा बोलू लागला आणि मूकपटाचे युग संपले. सेतुबंधन मूक तयार झाला, त्याला मागाहून आवाज द्यावा लागला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, वैभवापासून दूर, त्यांचे देहावसान झाले.

यंत्राचे अडणे ज्याला स्पर्शाने कळे, त्याला माणसांच्या संस्थेचे अडणे का उलगडू नये? आमच्या मते याचे उत्तर त्यांच्या गुणातच आहे. यंत्र खोटे बोलत नाही. दोष दाखविला की ते रुसत नाही, हिशेब मागत नाही. भागीदार हिशेब मागतो, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार असतो. कॅमेरा अडला असता दांडा सोडून झाकण उघडणारे दादासाहेब संस्था अडली असता मात्र झाकण न उघडताच उठून गेले. धूळ कोठे साचली, ताण कोठे वाढला, सैल कमान कोठे राखावयास हवी होती, हे पाहण्याचा धीर तेथे त्यांना झाला नाही. हा दोष सांगितल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. उलट आपणांस तिचा उपयोग होतो. कारण आपल्या सहकारी संस्था, नाट्यमंडळे, ग्रंथालये आणि देवस्थानांच्या समित्याही बहुधा अशाच अडतात, आणि आपणही तेथे थाप तरी मारतो किंवा उठून तरी जातो.

दुसरा बोध विद्येसंबंधीचा आहे. कलाभवन १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले गेले. ज्या हेतूने ते जन्मले त्या हेतूचे काय झाले, हा प्रश्न केवळ वडोदऱ्याचा नाही. शास्त्र्यांच्या मुलाने हाताला शाई आणि तेल लावून घेण्यात कमीपणा मानला नाही, एका संस्थानिकाने त्यासाठी शाळा काढली आणि एका रसायनशास्त्रज्ञाने ती चालविली, तेव्हा कोठे हे घडले. आज आपल्या घरांत पूर्वी कधी नव्हती इतकी यंत्रे आहेत, आणि ती उघडून पाहणारे हात मात्र विरळ होत चालले आहेत. अडले की फेकावे, नवे आणावे, ही रीत झाली आहे. आयटीआयमध्ये जाणारा मुलगा घरच्यांना अजूनही दुय्यम वाटतो. मग दुरुस्ती करणाऱ्याचे दुकान बंद होते तेव्हा हळहळण्याचा अधिकार आपणांस कितीसा उरतो?

राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिले आणि अखेरचे एवढीच, १९६४ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नाने वाचली. तीही १९१७ च्या आवृत्तीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. मधली रिळे कोणी जाळली नाहीत की पळविली नाहीत. ओल, उष्मा आणि आपली बेफिकिरी यांनी ती गिळली. ज्याने प्रत्येक रिळानंतर गेट पुसण्याचा धडा घालून दिला, त्याची रिळे पुसून ठेवणारे हात समाजाला वेळेवर मिळाले नाहीत. दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना एवढी आठवण राहिली, आणि घरातील एखाद्या मुलाने अडलेल्या पेटीचे झाकण उघडले असता त्याला रागे न भरता दिवा जवळ धरला, तर त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.